एका चहाचे पैसे

माझा धंदा काय, असं कुणी विचारलं की मी अजूनही "शेतीविषयी लिहितो" असं सांगतो. हे अर्धंच उत्तर झालं. शेतीविषयी लिहून पैसे मिळत नाहीत. लिहून झाल्यावर खाली जे मागतो त्याचे मिळतात. म्हणजे धंदा मागण्याचा. घरात हे सगळ्यांत आधी बायकोच्या लक्षात आलं. शेजारणीनं तिला विचारलं, "भाऊजी आजकाल कुठं असतात वं?" तर ही म्हणाली, "घरीच असतात. कम्प्युटरवर बसून भिक्षा मागतात. पायपीट नाही, येवढं बरं हाये."

दिवाळी अंकासाठी कामातले अनुभव लिहा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा गमतीचे चार किस्से लिहून मोकळं व्हायचं मी ठरवलं होतं. किस्से आहेतही. पण ते लिहायला बसलो की प्रत्येकाच्या मागून अंजनाकाकू डोकावते. ब्लॉगवर मी तिच्याबद्दल खुलासा केला होता, पण तो गरजेपुरता. इथं पुरतं सांगतो.

मी मूळचा काउंटरवरचा माणूस. चिखलीतल्या एका बी-बियाण्यांच्या दुकानात बरीच वर्षं होतो. बीटी कापूस आला, पाकिटासाठी पहाटेपासून लोक दुकानापुढं उभे राहायला लागले, ते मी आतल्या बाजूनं पाहिलं. त्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीच्या बियांची एक लहान पुडी यायची. ती शेताच्या कडेकडेनं लावायची. अळीला तिथं थारा मिळाला की बीटीचा जोर जास्त वर्षं टिकतो, असा तिचा उपयोग. बहुतेक लोक ती पुडी काउंटरवरच टाकून जात, आणि आम्हीही कुणाला हाक मारून परत देत नसू. संध्याकाळी केरात त्या पुड्या दिसायच्या. पुढं मालक बदलले, माझी गरज संपली. मला कापूस कळत होता आणि मराठी लिहिता येत होतं, तिसरं काही येत नव्हतं. सायबर कॅफे चालवणाऱ्या मित्रानं ब्लॉग उघडून दिला. नाव ठेवलं 'धुऱ्यावरून'. धुरा म्हणजे आमच्याकडं शेताचा बांध. बांधावर बसून दोन शेतकरी जसं बोलतात तसं लिहायचं, येवढाच विचार होता.

प्रत्येक लेखाखाली एक ओळ असायची : 'वाचून काही उपयोग झाला असेल, तर एका चहाचे पैसे द्या.' आधी बँकेचा खाते क्रमांक द्यायचो, मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय झाल्यावर ठिपक्यांचा चौकोन टाकला. ही ओळ मी बऱ्याच वेळा बदलून पाहिली होती. 'मदत करा' लिहिलं की कुणी फिरकत नाही. 'सहकार्य' लिहिलं की लोकांना पतसंस्था आठवते. चहाला मात्र आमच्याकडं कुणी नाही म्हणत नाही. देणाऱ्याला तो जड नाही आणि घेणाऱ्याला त्याची लाज नाही.

या धंद्याच्याही खाचाखोचा आहेत. मागायचं ते शेवटी, आणि एकदाच. महिन्याच्या सुरुवातीला मागायचं, पगार झालेला असतो. पोळ्याच्या आणि दिवाळीच्या सुमाराला शहरात गेलेल्या माणसाला गाव आठवतं, तेव्हा हात सैल सुटतो. देणारे कोण, हेही मला फार उशिरा कळलं. जो शेतात राहिला तो वाचून फोन करतो, "भाऊ, हे औषध कोनत्या दुकानात भेटते?" जो शेत सोडून गेला तो पैसे पाठवतो. त्याला औषध नको असतं.

एक जण आमच्या पलीकडच्या शिवारातलाच. लेख वाचून त्यानं फवारणी बदलली आणि त्याला गुण आला. मोबाइलवरून पैसे पाठवणारा तो नव्हता. सरळ घरी आला आणि ओसरीवर तुरीची पिशवी ठेवून म्हणाला, "चहा बाहेर कुठंबी भेटते. हे वरन कराले ठेवा." एकाचे पैसे आले आणि मागोमाग त्याचा फोन. "भाऊ, चुकून दाबल्या गेलं. वापस करता का?" मी केले. तेव्हापासून सणासुदीला त्याचा फोन येतो, देणगी नाही. पुण्याचे एक निवृत्त मास्तर दर महिन्याला न चुकता रक्कम पाठवत, आणि सोबत माझ्या लेखातल्या शुद्धलेखनाच्या चुका. 'वऱ्हाडी शब्द ठेवा, पण ऱ्हस्व-दीर्घ सोडू नका,' असं बजावत. आणि खामगावचे युनूसभाई. आखातात ट्रक चालवायचे. त्यांचे वडील खामगावात जिनिंगवर, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, होते. त्यांची एकच मागणी असायची : "भाई, कभी जिन का फोटो डालो. रुई उडती हुई."

असं चाललं होतं. घर मात्र त्यावर चालत नव्हतं. बायकोच्या शिलाई मशीनवर चालत होतं.

गुलाबी बोंडअळीनं परत डोकं वर काढलं त्या वर्षीची गोष्ट. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत किडका, पिवळा कापूस. ज्या बियाण्यानं अळीची चिंता मिटवली असं मी स्वतः काउंटरवरून सांगितलं होतं, त्यातच अळी. मी शिवारं फिरून लिहीत होतो. आणि तेव्हा मला एक गोष्ट दिसली. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, कधी उपटावी, किडकी बोंडं कशी वेचून जाळावी, असं लिहिलं की 'धन्यवाद' येत. कुणाची तूट झाली, कुणाच्या पोरीचं लग्न लांबलं, असं लिहिलं की पैसे येत. जितकं पाणी डोळ्यांत, तितका चहा गोड. मी हे मनाशी कबूल केलं नाही, पण हात शिकला. कोणतं वाक्य आधी घ्यायचं हे त्याला आपोआप कळायला लागलं. त्याच वर्षी मुलीला नर्सिंगला घातलं होतं.

अंजनाकाकू माझ्या आजोळच्या गावची. चिखलीपासून जीपनं अर्ध्या-पाऊण तासावर. नात्यातली नाही, पण मी लहानपणापासून तिच्या चुलीपुढं बसलेला. कोरडवाहू शेत, दोन शेळ्या, आणि रामभाऊकाका. काकांचे गुडघे गेलेले, म्हणून शेताचं बरंचसं काकूच पाही.

तिची गावात एक ओळख होती. आमच्याकडं कापसाच्या पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करतात. पऱ्हाटीच्या बुडाशी खडे मांडून हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा, तोच चार बाजूंना शिंपडायचा, आणि मग पहिली बोंडं वेचायची. ही पहिली बोंडं त्या गावातली बरीच घरं काकूच्या हातानं वेचून घेत. तिच्या हाताला गुण आहे म्हणत. दसऱ्यापासून पुढं काकूला रोज कुणाचं तरी बोलावणं. या शेतातून त्या शेतात, डोक्याला फडकं बांधून, मोठ्यानं बोलत, सगळ्यांच्या पिकाला नावं ठेवत ती फिरायची. "तुही पऱ्हाटी हाये का झाडू बे?" असं ऐकून घ्यायलाही लोक तिला बोलवत. त्या दिवसांत ती गावची पाटलीण असे म्हणा.

मी गेलो तेव्हा ती धुऱ्यावर बसली होती. वेचताना पऱ्हाटी अंगाला ओरबाडते म्हणून बायका लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात. तिनं काकांचा जुना सदरा घातला होता, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. डोक्याला फडकं. घामानं कपाळावरचं कुंकू पुसून गेलेलं. पुढ्यात किडक्या बोंडांचा लहानसा ढीग. आणि तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलेलं. मी लांबूनच फोटो काढला.

जवळ गेल्यावर विचारलं, "काकू, काय झालं वं?"

"काय व्हते? डोकं उठलं. सकाळपासून चहा नाही. तुह्या काकाले म्हनलं व्हतं पाठवजो कोनाच्या हातानं. थो बसला असन पारावर पत्ते कुटत."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मग आम्ही अळीबद्दल बोललो. तूट झाली होती, खोटं नाही. "यंदा दुसऱ्या वेचनीलेच हात रिकामा," ती म्हणाली. "पन सोयाबीननं सावरलं थोडं. मरत नाही आपन." परत निघताना तिनं मला चुलीवरचा चहा पाजला, काळाभोर, शेळीच्या दुधाचा.

लेखात मी काय लिहिलं ते आजही पाठ आहे, पण इथं उतरवत नाही. एकही वाक्य खोटं नव्हतं. अळी खरी, रिकामा हात खरा, गळ्यापर्यंत बंद केलेला पुरुषाचा सदरा खरा. फक्त चहा गाळला, काका गाळले, सोयाबीन गाळलं. फोटो वर टाकला. खाली ती ओळ : एका चहाचे पैसे द्या.

पहिली प्रतिक्रिया आली : 'गेलेल्या नवऱ्याचा सदरा घालून शेतात राबणाऱ्या माउलीला नमस्कार.' दुसऱ्यानं लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मग रांगच लागली. त्या वर्षांत बाहेरच्या माणसाच्या मनात आमच्याकडच्या बाईचं एकच चित्र होतं. माझा फोटो त्यात चपखल बसला. बाकीचं चित्र लोकांनी स्वतः पूर्ण केलं.

पहिल्याच प्रतिक्रियेखाली मी लिहायला हवं होतं की नवरा धडधाकट आहे, पत्ते खेळतो. मी टाइपही करायला घेतलं होतं. तेवढ्यात मोबाइल वाजला, पैसे आल्याचा. मग परत वाजला. पुण्याच्या मास्तरांनी नेहमीपेक्षा बरेच जास्त पाठवले होते आणि पहिल्यांदाच एकही चूक काढली नव्हती. मी टाइप केलेलं खोडलं. मनाशी म्हटलं, मी कुठं म्हणालो नवरा गेला? लोक म्हणतात. हे वाक्य मला फार दिवस पुरलं.

मुलीची फी भरली गेली. बायकोनं विचारलं, "यंदा बरे आले?" मी म्हणालो, "दिवाळी होती न." तो फोटो मी पानाच्या माथ्यावर कायमचा लावून टाकला. पुढं वर्षभर तो तिथंच होता. मध्ये एकदा गावातल्या कुणाचा तरी फोन येऊन गेला, "काकूचा फोटो काऊन असा टाकला बे?" मी रेंज नसल्याचं नाटक केलं.

पुढच्या वर्षी दसरा झाल्यावर बाजाराच्या दिवशी दारात रामभाऊकाका उभे. काठी टेकत, तोच सदरा अंगात.

"इलास, घरी हायेस का? का तुले बी हार घातला कोनं?"

मी उठलो. त्यांनी बसायच्या आधीच विचारलं, "मले एक सांग. मी कधी मेलो बे?"

बायको आतून आली. काका तिला म्हणाले, "सूनबाई, पानी आन वं. मेलेल्या मान्साले तहान लय लागते." मग हसले. त्यांना खरंच हसू येत होतं. "परवा आमच्या सखारामचा पोरगा पुन्याहून आला. मले पाह्यलं त दचकलाच. म्हने, आबा, तुमी? तिकडं ऑफिसात माह्या सायबानं तुमाले शरदांजली देल्ली. मी म्हनलो, दे म्हना अजून. फुकट भेटते त कायले सोडाव?"

"काका, चुकलं माझं," मी म्हणालो.

"माह्यं सोड. मी मेलो काय, जगलो काय, गुडघे थेच." त्यांचा आवाज खाली आला. "तिचं पाह्य. यंदा तिले कोनंच नाही बोलावलं."

"कशाला?"

"सीतादहीले. तोंडावर कोनी नाही बोलत. घरच्या घरीच उरकलं म्हन्तात. पन बायाइचं चाल्लं, जिच्या नवऱ्याले जित्तेपनी साऱ्या मुलखानं मेला म्हनलं, तिच्या हातचं पहिलं बोंड कायले घ्या? म्या समजावलं, अवं, मी हावो न जित्ता! त थे म्हन्ते, तुमी उगे बसा." काका पाणी प्यायले. "इलास, थे बोलत नाही रे आजकाल. शेतात जाते, येते. कोनाच्या पऱ्हाटीले नावं बी नाही ठेवत."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. बायको दारातच उभी होती. संध्याकाळी फक्त येवढंच म्हणाली, "फी त्याच्यातूनच भरली न?"

दुसऱ्या दिवशी मी गावात गेलो. सोबत पाकीट होतं, त्या लेखावर आलेल्यातलं जेवढं उरलं होतं ते. काकू अंगणात शेळीला पाला टाकत होती. बस म्हणाली नाही. मीच पायरीवर बसलो. पाकीट पुढं केलं. तिनं हात पदराला पुसले, पण पुढं केले नाहीत.

"कशाचे हायेत?"

"लोकांनी तुमच्यासाठी दिले, काकू."

"माह्यासाठी? का माह्या नावानं?"

मी पाकीट मागं घेतलं.

"म्या मांगतले व्हते का इलास?" आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "मले तुटीचं नाही वाटत. तूट साऱ्याइले झाली. पन म्या तुले सांगतलं व्हतं न, का चहासाठी डोकं धरून बसली मंग? तुले आयकू नाही आलं?"

"आलं होतं."

"मंग?"

मुलीची फी सांगता आली असती. ती जिभेवर आली आणि मी गिळली. शेळीपुढं आणखी पाला टाकून काकू म्हणाली, "थे पैसे ज्याचे त्याले दे. आन् तुह्या लोकाइले लिहून टाक का म्हातारा जित्ता हाये. अंगात दम हाये अजून त्याच्या, पत्ते कुटते."

मी उठलो. त्या घरातून चहा न घेता मी कधी निघालो नव्हतो. त्या दिवशी तिनं विचारला नाही, आणि चूल तर पेटलेली होती.

मी खुलासा लिहिला. काकांचा त्याच सदऱ्यातला फोटो टाकला. काकू चहाची वाट पाहत होती हेही लिहिलं. मला कळत असून मी गप्प बसलो, हे मात्र लिहिलं नाही. 'वाचकांचा गैरसमज झाला' असं लिहिलं. म्हणजे त्यातही गाळलंच. ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी कळवावं, असं खाली टाकलं, आणि चहाची ओळ काढून टाकली. काहींनी कळवलं. एकानं लिहिलं, 'दुःखी नव्हती तर फोटो कशाला टाकला?' जणू बाईनंच फसवलं होतं. पुण्याच्या मास्तरांनी काही मागितलं नाही. त्यांची महिन्याची रक्कम बंद झाली, आणि चुका काढणंही. चुकांचंच मला जास्त वाईट वाटलं. युनूसभाईंनी मात्र फोन केला. खळखळून हसले. "अरे भाई, मैंने तो चाचा के लिए दुआ भी माँग ली थी! अब दुआ तो वापस होती नहीं. उनकी उमर में जोड़ लो." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "लेकिन तुमको तो मालूम था ना?" मी हो म्हणालो. एरवी ते लिहून कळवत; त्यांच्याशी पहिल्यांदा बोललो ते हे. ज्यांनी परत मागितले नाहीत त्यांनाही मी हळूहळू परत पाठवले. त्यात फीचेही आले. ते बायकोच्या मशीनवर फिटले, तेव्हा माझी त्यात शाबासकी काही नाही.

पण इंटरनेटवर खुलासा टाकून गावच्या बायकांच्या मनातलं निघत नाही. पुढच्या हंगामातही काकूला बोलावणं नव्हतं.

मग मी एक केलं. शेवट काय झाला ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी फार आशेनं वाचणार नाही : सगळी घरं परत आली नाहीत. दोन घरं आली, तीही उशिरा. तिची ती दसऱ्यानंतरची पाटीलकी पहिल्यासारखी झाली नाही, आणि ती माझ्यामुळं गेली.

केलं ते असं. त्याच गावात, रस्त्याला लागून, मामेभावाचं शेत मी बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, केलं. कपाशी लावली, ती पुडीतली साधी कपाशी कडेनं लावून. पहिली बोंडं फुटली तेव्हा मी आणि बायको काकूच्या दारी गेलो. बोलली बायकोच. "काकू, आमच्या पऱ्हाटीले तुमचा हात पाह्यजे."

काकूनं माझ्याकडं पाहिलं. "फोटो काढनार का हा?"

"मोबाइल घरी ठेवाले लावला म्या," बायको म्हणाली.

"लोकं काय म्हन्तीन?"

"लोकाइचं तुमी काऊन मनावर घेऊन राह्यल्या? पीक आमचं हाये न?"

काकू आली. मागून काका, काठी टेकत. रस्त्यानं जाणाऱ्या जीपांतून दिसावं असं ते शेत होतं, आणि मी ते मुद्दामच धरलं होतं. तिनं खडे मांडले, कुंकू वाहिलं, दहीभात शिंपडला. पहिलं बोंड तिनं उगवतीकडं तोंड करून वेचलं, कमरेला बांधलेल्या ओट्यात टाकलं. मग सरळ उभी राहून तिनं अख्ख्या शेतावरून नजर फिरवली.

"हे काय लावलं बे इलास?" ती केवढ्यानं तरी म्हणाली. "पऱ्हाटी हाये का बकऱ्याइचा चारा? दुकानात इतके वर्स काय माशा मारल्या?"

काका खोऽखो हसले. बायकोनं पदर तोंडाला लावला. रस्त्यावरून बायका चालल्या होत्या, त्या थांबून पाहत होत्या.

वेचून झाल्यावर काकू धुऱ्यावर जाऊन बसली. अंगात काकांचा सदरा, डोक्याला फडकं. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. अगदी तस्संच.

"काय झालं वं काकू?" मी विचारलं.

"काय व्हते?" ती डोकं न उचलता म्हणाली. "साऱ्या मुलखाले चहा मांगतं, आन् मले इथं कोनी चहा विचारत नाही."

चहा आम्ही आणलाच नव्हता. दही, भात, नारळ, सगळं आणलं होतं. मी चपला तशाच धुऱ्यावर सोडून गावाच्या दिशेनं पळालो. मागून काका ओरडत होते, "इलास, माह्यासाठी बी आनजो रे! जित्ता हावो मी!"